बाळ मागे पडतंय असं वाटतंय? आधी कारण शोधा, आणि ते कसं शोधायचं ते सविस्तर

"अजून मान धरत नाही", "नववा लागला तरी बसत नाही", "हाक मारली तर बघतच नाही" असं आईने घरात बोलून दाखवलं की समोरून येणारं उत्तर ठरलेलं असतं, अगं ह्याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, आता बघ तोंड बंद होत नाही. कधीकधी ते खरंही निघतं. पण ज्यांच्या बाबतीत खरं निघत नाही त्या बाळांचे सहा-आठ महिने ह्या एका वाक्यात वाया जातात, आणि मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो तो नेमका ह्याच पहिल्या दोन वर्षांत.

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. आईवडील आले की पहिला प्रश्न असतो "कधी चालेल?" आणि मी उलट विचारते, का चालत नाहीये हे कुणी बघितलंय का? बऱ्याचदा नसतंच बघितलेलं, कुणीतरी व्यायाम लिहून दिलेले असतात आणि घरी मालिश चालू असते. व्यायाम हवेतच, माझं पोटच त्यावर आहे, पण थायरॉइड कमी असलेल्या बाळाला मी वर्षभर व्यायाम दिले तरी गोळी चालू झाल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही. म्हणून हा सगळा लेख "का" ह्यावर आहे, मुख्यतः पहिल्या वर्षातल्या बाळांसाठी.

एक गोष्ट आधीच सांगते. कमी वजनाचं जन्मलं, पेटीत ठेवलं होतं, कावीळ झाली होती, ह्या जोखमीच्या गोष्टी आहेत, निकाल नाही. अशी कितीतरी बाळं पुढे अगदी बरोबरीने येतात. आणि ग्रहणात विळी हातात घेतली किंवा डोहाळजेवणाला नजर लागली ह्याने विलंब होत नाही, त्यावरून सुनेला बोल लावणं बंद करा, कारण घाबरलेली आई आमच्यासमोर बसून खरी हिस्टरी सांगत नाही आणि मग सगळ्यांचंच काम अडतं.

पायरी १: वय नीट मोजा

बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलं असेल तर जितके आठवडे लवकर आलं तितके वयातून वजा करायचे. समजा ३२ आठवड्यांचं जन्मलं, म्हणजे ४० ला ८ आठवडे कमी, म्हणजे साधारण दोन महिने. आज कॅलेंडरप्रमाणे सहा महिन्यांचं असेल तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाची अपेक्षा करायची. हा हिशोब दोन वर्षांचं होईपर्यंत चालवायचा. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात काही वजा करायचं नाही, ही गल्लत खूप जण करतात.

घरात "सातव्या महिन्यातलं", "आठव्यातलं" असं बोलतात ते इथे चालत नाही, आठवडे लागतात, आणि ते सोनोग्राफीच्या पहिल्या रिपोर्टवरून किंवा डिस्चार्ज कार्डवरून घ्या. आणि एकदा वजा केल्यावरही बाळ मागे दिसत असेल तर परत "लवकर जन्मलंय ना" हे कारण वापरायचं नाही, ते वापरून झालंय.

पायरी २: खरंच उशीर आहे का ते बघा

शेजारच्या बाळाशी तुलना नको, जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांवरून जी मर्यादा काढली आहे ती वापरा. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, हात-गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५, धरून उभं राहणं ४.८ ते ११.४, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. बघा, चालण्याची रेंज केवढी मोठी आहे! म्हणजे बहिणीचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि तुमचं चौदाव्यातही चालत नाहीये ह्यात काहीच गैर नाही. त्याच अभ्यासात ४.३ टक्के मुलं रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली, त्यामुळे फक्त रांगलं नाही म्हणून झोप उडवून घेऊ नका.

पण खालच्या गोष्टी दिसल्या तर "बघू महिनाभर" नको. तीन महिन्यांपर्यंत चेहऱ्याकडे बघून हसत नाही. पाच महिन्यांनाही मान लटपटते. तीन-चार महिन्यांनंतरही मुठी घट्ट, अंगठा आत दाबलेला. वर्षाच्या आत एकच हात वापरतं (आमचं बाळ डावखुरं आहे म्हणून कौतुक होतं, पण इतक्या लवकर डावं-उजवं ठरत नसतं, दुसरी बाजू कमजोर नाही ना हे बघावं लागतं). नऊ-दहा महिन्यांपर्यंत बाबा-दादा-मामा असे आवाज जोडत नाही, वर्षाला टाटा नाही, बोट दाखवणं नाही. चार महिन्यांनंतर डोळे तिरळे. अठरा महिन्यांना चालत नाही. आणि सगळ्यात वरची गोष्ट, येत असलेलं काही गेलं, म्हणजे हसायचं ते बंद झालं, बसायचं ते आता बसत नाही, तर वय कितीही असो त्याच आठवड्यात डॉक्टर.

अंगणवाडीतून किंवा सरकारी दवाखान्यातून जे माता-बालक कार्ड मिळतं ना, त्यात हे टप्पे चित्रांसकट छापलेले आहेत. लोक लसीचं पान सोडून बाकी उघडतच नाहीत.

पायरी ३: जन्माची फाईल काढा आणि एकेक ओळ वाचा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बऱ्याच घरांत डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून कपाटात असतं आणि कुणीच वाचलेलं नसतं, कारण इंग्रजी आणि डॉक्टरी अक्षर. घेऊन बसा आणि ह्या गोष्टी शोधा.

रडलं का: कार्डावर सीआयएबी असं चार अक्षरी लिहिलेलं असेल तर बाळ जन्मल्या जन्मल्या रडलं. ते नसेल आणि "रिससिटेशन" (श्वास सुरू करायला केलेली मदत), "बॅग-मास्क", अपगार स्कोअर (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिलेले दहापैकी गुण) पाच मिनिटांनाही कमी, किंवा एचआयई (ऑक्सिजनअभावी मेंदूला इजा) स्टेज दोन-तीन असं काही असेल, तर मेंदूला जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडल्याची शक्यता आहे आणि अशा बाळाला सगळं चांगलं दिसत असलं तरी दोन वर्षांपर्यंत नियमित तपासणी लागते.

शुगर: ह्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. कार्डात आरबीएस किंवा जीआरबीएस असं लिहून पुढे आकडे असतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत साखर खूप खाली गेली असेल तर मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे बघण्याचं केंद्र असतं, तिथे इजा होते. मग बाळाचे डोळे तपासले तर नॉर्मल, पण ते बघत नाही, नजर देत नाही, आणि पुढे आकडीही येऊ शकते. कमी वजनाची, आईला मधुमेह असलेली आणि दूध उशिरा चालू झालेली बाळं ह्यात जास्त असतात. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी नाहीतर मध चाटवून चिकाचं दूध काढून टाकायची पद्धत अजूनही काही घरांत आहे, त्यात हा धोका बसलेला आहे, मध तर वर्षाच्या आत द्यायचाच नसतो.

कावीळ: "थोडी पिवळी झाली होती, उन्हात ठेवलं" एवढंच लोकांना आठवतं. तुम्ही बिलिरुबिनचा सगळ्यात जास्त आकडा शोधा, लाइटखाली किती दिवस ठेवलं ते बघा, आणि रक्त बदललं होतं का ते बघा. खूप चढलेली कावीळ मेंदूच्या आतल्या भागांना आणि कानाच्या नसेला मारते. अशा बाळांच्या हातापायांना नंतर वेडीवाकडी हालचाल येते, वर बघता येत नाही, ऐकू कमी येतं, आणि गंमत म्हणजे बुद्धी बरेचदा चांगली असते पण बोलता येत नसल्यामुळे लोक त्यांना मंद समजतात.

इन्फेक्शन आणि फिट्स: सेप्सिस (रक्तातलं इन्फेक्शन), मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन), "सीजर्स" म्हणजे फिट्स, व्हेंटिलेटर किती दिवस, हे बघा. डोक्याची सोनोग्राफी झाली असेल तर त्यात आयव्हीएच (मेंदूतल्या पोकळ्यांत रक्तस्राव) किंवा पीव्हीएल असा शब्द आहे का. पीव्हीएल म्हणजे लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूतल्या पांढऱ्या भागाला झालेली इजा, ह्यात पाय हातांपेक्षा जास्त कडक होतात.

डोळे: ३४ आठवड्यांच्या आत किंवा २००० ग्रॅमच्या आत जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा (रेटिना) जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा असतो, फारच लहान असेल तर त्याही आधी. पडद्याचा हा आजार (आरओपी) वेळेत लेसरने किंवा इंजेक्शनने थांबवता येतो, वेळ गेली की कायमचं अंधत्व. कार्डावर "आरओपी स्क्रीनिंग ॲडव्हाइज्ड" लिहिलेलं असतं आणि त्यापुढे काहीच झालेलं नसतं, असं कार्ड हातात आलं की माझा जीव खाली वर होतो.

फाईल हरवली असेल तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये अर्ज द्या, केस पेपरची कॉपी मिळते.

पायरी ४: ज्यांना औषध आहे ती कारणं आधी तपासून घ्या

एमआरआय आणि जेनेटिक टेस्टच्या हजारोंच्या खर्चाच्या आधी ह्या साध्या गोष्टी झाल्या आहेत का ते बघा, कारण इथे उशीर म्हणजे नुसता तोटा.

थायरॉइड. टीएसएच ही थायरॉइडची टेस्ट जन्मल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाचेच्या रक्तावर होते, पण सगळीकडे होत नाही, फाईलीत रिपोर्ट नसेल तर "झाली असेल" असं धरू नका. ही बाळं सुरुवातीला फार "शहाणी" वाटतात, रडत नाहीत, झोपूनच असतात, कावीळ लांबते, बद्धकोष्ठ, बेंबी फुगलेली, जीभ मोठी, आवाज घोगरा. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी चालू झाली तर बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात. गोळी रोज चमच्यात चुरडून आईच्या दुधातून द्यायची, आणि आयर्न-कॅल्शियमचे ड्रॉप्स तिच्या बरोबर एकाच वेळी नाही. लवकर जन्मलेल्या बाळाची टेस्ट काही आठवड्यांनी परत करायला लागते, पहिली नॉर्मल आली तरी.

बी-१२. आपल्याकडे ह्यावर जरा थांबून बोलायला हवं. पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांवर केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी १९९३ पासून जो मोठा अभ्यास केला त्यात ६० टक्क्यांहून जास्त बायकांचं बी-१२ कमी होतं. आईत नाही तर दुधात कुठून येणार? मग होतं काय, बाळ गुबगुबीत असतं, दूध पीत असतं, पाच-सहा महिन्यांपर्यंत सगळं ठीक, आणि हळूहळू ते गप्प होत जातं. हसणं कमी, खेळण्याकडे हात जात नाही, बसायला लागलेलं परत आडवं. केस विरळ आणि तपकिरी. बोटांच्या मागच्या बाजूला, पेरांवर, कातडी काळी पडलेली. पुढे हात आणि डोकं थरथरायला लागतं. गंमत अशी की ही पेरांची काळोखी आजीला आधी दिसते, आणि "रंग बदलतोय" म्हणून साय-हळद लावली जाते. निदान सोपं आहे, रक्ताची टेस्ट, बाळाची आणि आईची दोघांची, आणि रक्त घेतल्यानंतरच इंजेक्शन, आधी दिलं तर रिपोर्ट चुकतो. इंजेक्शन सुरू झालं की काही दिवसांत बाळ मान वर करून बघायला लागतं (कधीकधी मध्ये थोडे दिवस थरथर वाढते, घाबरून औषध बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा). पण खूप उशिरा पकडलं तर शिकण्यात मागे राहू शकतं. "आम्ही खातो की मटण" हे उत्तर पुरत नाही, महिन्यातून एकदा घरातल्या सगळ्यांना वाढून उरलेला रस्सा खाणाऱ्या सुनेचं बी-१२ तपासल्याशिवाय कळत नाही.

लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये देशातली ६ ते ५९ महिन्यांची ६७.१ टक्के मुलं ॲनिमियाची निघाली, म्हणजे तुमच्या बाळाला असायची शक्यता नसण्यापेक्षा जास्त. रक्त कमी असलेलं बाळ चिडचिडं, थकलेलं, नवीन काही करून बघायला तयार नसतं. सहा महिन्यांनंतर फक्त दुधावर ठेवणं, वर्षाच्या आत म्हशीचं किंवा गायीचं दूध बाटलीने भरभरून पाजणं आणि चहात बुडवलेलं बिस्कीट ह्या तीन गोष्टी लोह खाली नेतात. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिली आयर्नचं सिरप असतं, आशाताईंकडे मागा. कमी वजनाच्या बाळाला ते त्याच्या कितीतरी आधी सुरू करावं लागतं, डोस डॉक्टर वजनावर ठरवतात.

कान. टाळी वाजवली की बघतं म्हणून ऐकू येतं असं नाही, टाळीची हवा लागते, हाताची सावली दिसते. बहिरं बाळही पहिले काही महिने आवाज काढतं, हुंकार देतं, आणि मग सहा-सात महिन्यांच्या पुढे ते कमी होत जातं, त्यामुळे घरच्यांना वाटतं आधी तर बोलायचं. नियम सोपा आहे, एक महिन्यात स्क्रीनिंग, तीन महिन्यांत खात्रीची टेस्ट, सहा महिन्यांत कानाचं मशीन. पेटीत राहिलेल्या किंवा जास्त कावीळ झालेल्या बाळाची फक्त ओएई ही टेस्ट पुरत नाही, बेरा ही दुसरी टेस्ट करा, कारण ओएई कानाच्या आतलं बघते, नस बघत नाही.

आकडी जी आकडी वाटत नाही. हे वाचून जर एकाही बाळाचे चार दिवस वाचले तरी लिहिल्याचं चीज झालं. तीन ते बारा महिन्यांच्या मधलं बाळ, झोपेतून उठलं की एकदम मान खाली टाकतं, दोन्ही हात बाहेर फेकले जातात किंवा पोटाशी घेतले जातात, एक-दोन सेकंद, मग सैल. परत काही सेकंदांनी तेच. परत. असं दहा-वीस वेळा ओळीने, मधूनच रडतं, आणि मग थांबतं. घरी ह्याला दचकणं म्हणतात, पोटात मुरडा म्हणतात, ओवा-हिंग लावतात, दृष्ट काढतात. दचकायला काहीतरी कारण लागतं, आवाज किंवा धक्का, आणि ते साधारण चार-सहा महिन्यांपर्यंत जातं. हे कारणाशिवाय, ओळीने आणि उठल्यावर येतं, आणि त्याच सुमारास बाळाचं हसणं-बघणं कमी झालेलं असतं. मोबाइलवर व्हिडिओ काढा, चेहरा आणि हात-पाय दोन्ही दिसतील असा, आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना नाहीतर मुलांच्या न्यूरोलॉजिस्टना दाखवा. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) लागतो. औषधं आहेत, एसीटीएचचं इंजेक्शन, स्टेरॉइड, व्हिगाबॅट्रिन, पण ती जितकी लवकर तितका मेंदू वाचतो. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्याची देत असतील तर व्हिडिओ दाखवून सांगा की हे थांबू शकत नाही.

पायरी ५: बाळाच्या अंगाकडे बघा

डोक्याचा घेर दर महिन्याला टेपने मोजून लिहून ठेवा, भुवयांच्या वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून पूर्ण फेरा. मुलाचा मधला आकडा जन्मतः ३४.५ सेमी, सहा महिन्यांना ४३.३, वर्षाला ४६.१, मुलीचा ३३.९, ४२.२ आणि ४४.९. एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं, पण घेर वाढायचा थांबला किंवा भराभर वाढतोय तर ते दाखवायचं. "टाळू लवकर भरली" एवढ्यावरून काही ठरत नाही, घेर बघा.

अंग ढिलं आहे की कडक? ढिलं बाळ काखेत धरून उचललं तर हातातून निसटतं, पाठीवर ठेवलं की पाय बेडकासारखे पसरतात. कडक बाळाचे लंगोट बदलताना पाय उघडत नाहीत, उभं धरलं की एकमेकांवर चढतात आणि टाचा टेकत नाहीत. ह्या दोन्हीला उभं करून चालवायची घाई करू नका.

अंगावर पांढरे पानासारखे डाग, बरेच कॉफीच्या रंगाचे डाग, तळहातावर एकच आडवी रेघ, डोळ्यांची ठेवण घरात कुणासारखीच नाही, असं काही असेल तर डॉक्टरांना बोलून दाखवा. डाऊन सिंड्रोम बऱ्याचदा जन्मतः लक्षात येतं पण सांगितलं जात नाही, आणि त्या बाळांचं हृदय आणि थायरॉइड तपासायचं राहून जातं.

पायरी ६: गरोदरपण आणि दोन्हीकडची घरं

इथे खरं बोला, कुणी केस करणार नाहीये. मामाच्या मुलाशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालंय का, आजी-आजोबांच्या पिढीत तरी नात्यात झालं होतं का. आपल्याकडे हे राजरोस आहे त्यामुळे लोक सांगायलाच विसरतात, पण काही चयापचयाचे आणि जेनेटिक आजार अशा घरांत जास्त दिसतात. घरात दुसरं बाळ लहानपणीच गेलं होतं का, कुणाचे गर्भपात, कुणाला फिट्स. गरोदरपणी अंगावर पुरळ आणि ताप आला होता का (रुबेला), फिट्सच्या गोळ्या, त्यातही व्हॅल्प्रोएट नावाची गोळी चालू होती का, बीपी-शुगर होती का.

आणि मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड). लावता का असं विचारलं की बायका हसतात, दाताला लावते हो, खात नाही. मुंबईतल्या १२१७ गरोदर बायकांवरचा अभ्यास २००४ साली छापून आला, त्यात मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची निघाली आणि वेळेआधी प्रसूतीही जास्त. आणि कमी वजन, वेळेआधी जन्म ह्यातून पुढची साखळी सुरू होते ती वर लिहिलीच आहे.

पायरी ७: घरातलं वातावरण

हा भाग आटोपता घेते कारण लोक सगळं इथेच ढकलतात. मोबाइल दाखवू नका, दोन वर्षांच्या आत अजिबात नाही, पण नऊ महिन्यांचं बाळ बसत नसेल तर ते मोबाइलमुळे नाही. वॉकर काढून टाका, त्याने चालणं लवकर येत नाही, उलट अपघात होतात, कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. दिवसभर झोळीत किंवा पाळण्यात असलेल्या बाळाला पालथं पडायची संधीच मिळत नाही, जागं असताना जमिनीवर चटई टाकून पोटावर ठेवा, आधी दोन मिनिटं, मग वाढवत न्या. बाळाशी बोला, आंघोळ घालताना, भाजी निवडताना, काहीही बोला. बाजारातल्या काजळात आणि सुरम्यात शिसं सापडतं, डोळ्यात घालू नका. रडतंय म्हणून गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

आई दोन-तीन महिने उदास आहे, बाळाकडे बघायचीही इच्छा होत नाही, झोप नाही, तर तो आजार आहे आणि त्यालाही उपचार आहेत. बाळाच्या विकासावर ह्याचा परिणाम होतो, म्हणून आईलाही दाखवा.

पायरी ८: कुठे जायचं आणि काय घेऊन जायचं

सुरुवात आशाताईंपासून. पहिले ४२ दिवस त्या घरी येऊन बाळ बघतात, ही पद्धत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'मध्ये उभी राहिली आणि मग देशाने उचलली. त्यानंतर तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यालाही भेट असते, येत नसतील तर बोलावून घ्या. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा तपासणी करतात आणि शंका आली की जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीकडे, म्हणजे विलंब लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, श्रवण-वाचा तज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एकाच छताखाली असणं अपेक्षित आहे, सगळीकडे सगळी पदं भरलेली नसतात हेही खरं, पण चिठ्ठी तिथूनच मिळते आणि फुकट असतं म्हणून आधी जा. मुंबईत वांद्र्याला कानांसाठी अली यावर जंग संस्था आहे, मुलांच्या विकासासाठी 'उम्मीद' आहे, आणि मेडिकल कॉलेजांच्या बालरोग ओपीडी आहेतच.

जाताना फाईल, माता-बालक कार्ड, डोक्याच्या घेराचे आकडे, आणि तीन छोटे व्हिडिओ, बाळ खेळताना, पोटावर असताना, आणि जी गोष्ट खटकते ती. ओपीडीत बाळ झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं, व्हिडिओ नसेल तर डॉक्टरांना काही दिसतच नाही. आणि "सगळं करतं पण जरा स्लो आहे" असं सांगू नका, काय करत नाही ते सांगा.

डॉक्टरांनी एमआरआय किंवा जेनेटिक टेस्ट सांगितली तर विचारा की ह्याने उपचार बदलणार आहेत का, की पुढच्या बाळासाठी माहिती हवी आहे. दोन्ही कारणं योग्य आहेत, पण तुम्हाला माहीत असायला हवं. "मेंदूचं टॉनिक" म्हणून महागडी सिरपं लिहून दिली तर विचारा कशासाठी. आणि स्टेम सेलच्या जाहिरातींपासून लांब राहा, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) च्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर झालेला कायमचा परिणाम) किंवा ऑटिझमसाठी ते फक्त मंजूर ट्रायलमध्येच देता येतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नाहीत. जमीन विकून इंजेक्शनं घेतलेली घरं बघितली आहेत म्हणून इतकं ठासून सांगते.

कारण सापडेपर्यंत थेरपी थांबवायची का? अजिबात नाही, दोन्ही बरोबरीने. रिपोर्ट यायला महिने लागतात, मान धरायचा सराव आजपासून करता येतो. काही बाळांचं कारण सगळ्या टेस्ट करूनही सापडत नाही, तरी थेरपीचा फायदा त्यांनाही होतोच. पुढे निदान पक्कं झालं तर दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड (सरकारी ओळखपत्र) काढा, आणि सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगत्व असेल तर 'निरामय' ह्या सरकारी आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही.

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर

पहिल्याचं कारण जेनेटिक असल्याची शंका असेल तर त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबा. रिपोर्ट असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यापासून वारेचा तुकडा घेऊन तपासता येतं, रिपोर्टच नसेल तर नेमकं काय शोधायचं तेच डॉक्टरांना कळत नाही. आईचं बी-१२, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शुगर आधी तपासून घ्या, फॉलिक ॲसिड दिवस राहायच्या आधीच सुरू करा, रुबेलाची लस झाली नसेल तर आत्ताच घ्या आणि त्यानंतर एक महिना थांबा. फिट्सची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, न्यूरोलॉजिस्टकडून बदलून घ्या, आणि हे दिवस राहायच्या आधी, कारण पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत बाळाच्या मेंदूची घडण सुरू झालेली असते.